चेहरा कोणासमोर उघडतो?

लंडन, मार्च १८३८

तुम्ही रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात, जिराफांच्या घरात उभे आहात. बाहेर झोंबणारा वारा आहे, आत ऊब आहे. ही ऊब जिराफांना लागते, तशीच जेनीलाही. जेनी ही ओरांगउटानची लहान मादी. असा प्राणी लंडनकरांनी क्वचितच पाहिलेला, त्यामुळे तिच्यापुढे बघे जमतात, हसतात आणि निघून जातात. तुमच्या शेजारचा उंच तरुण मात्र हलत नाही. वय एकोणतीस. ‘बीगल’ जहाजावरून जवळजवळ पाच वर्षं जग पाहून तो दीड वर्षापूर्वी परतलाय. त्याचं नाव चार्ल्स डार्विन.

राखणदार जेनीला सफरचंद दाखवतो आणि देत नाही. ती पाठीवर लोळण घेते, पाय झाडते, रडून आकांत मांडते. मग फुरंगटून बसते. पुन्हा एक-दोनदा संतापाचा झटका येतो. शेवटी राखणदार तिला सांगतो की रडं थांबवून शहाण्यासारखी वागलीस तर सफरचंद मिळेल. आता नीट बघा. जेनीला रडू आवरत नाहीये, पण ती ते आवरायचा प्रयत्न करतेय. बऱ्याच कष्टाने ते आवरतं, सफरचंद हातात येतं, आणि ती उडी मारून आरामखुर्चीत जाऊन बसते. खाताना तिचा चेहरा कमालीचा तृप्त दिसतो.

हे टिपून ठेवायला डार्विनकडे कॅमेरा नाही. लुई डागेरने प्रकाशाच्या साहाय्याने चित्र उमटवल्याची बातमी पॅरिसमध्ये जाहीर होईल ती पुढच्या वर्षीच्या जानेवारीत. म्हणून तो जवळ आहे ते साधन वापरतो. एकटक बघतो, आणि घरी गेल्यावर बहिणीला पत्रात सगळं लिहून कळवतो. आधी काय झालं, मग काय झालं, कशामुळे झालं. जेनीचा चेहरा तेवढाच लिहिला असता तर त्याला काही अर्थ उरला नसता. त्या चेहऱ्याआधी न मिळालेलं सफरचंद आहे आणि नंतर मिळालेलं सफरचंद आहे, म्हणून तो वाचता येतो.

हा क्रम लक्षात ठेवून तीस वर्षं पुढे या.

डाउन, केंट परगणा, १८६८

लंडनपासून पंचवीस किलोमीटरवरच्या या खेड्यात डार्विन सव्वीस वर्षं राहतोय. तुम्ही त्याच्या घरी पाहुणे आहात. आता तो साठीला टेकलाय, प्रकृती नाजूक आहे, पण बघण्याची भूक तशीच आहे. १८३९च्या डिसेंबरात पहिला मुलगा विल्यम जन्मला तेव्हापासून तो लेकराचं रडणं, कपाळावरची आठी, पहिलं हसू यांच्या नोंदी ठेवत आलाय. घरच्या कुत्र्यांवरही त्याची तितकीच नजर.

कुटुंबात एका जुन्या, मोठ्या कुत्र्याची आठवण अजून निघते. फिरायला जायचं म्हटलं की तो मान वर, कान थोडे उभे, शेपूट उंच करून दिमाखात पुढे चालायचा. घराजवळ एक वाट काचेच्या रोपघराकडे फुटत असे. डार्विनला तिथली रोपं क्षणभर बघायची असत. कुत्र्याला मात्र फिरणं पुढे आहे की नाही हे कळायचं नाही. मालकाचं अंग त्या वाटेकडे जरासं वळलं, की त्याची मान खाली जायची, सगळं शरीर खचायचं, कान आणि शेपूट लोंबायचे. घरच्यांनी त्या तोंडाला नावच ठेवलं होतं: रोपघराचं तोंड. रोज घडणारी इतकी साधी गोष्ट. पण आनंद आणि निराशा या उलट भावनांत अंगाची ठेवणही नेमकी उलटी होते, याचा तो डार्विनच्या दृष्टीने पुरावा होता.

जेवण झाल्यावर दिवाणखान्यात टेबलावर फोटो मांडले जातात. पॅरिसचे डॉक्टर ड्युशेन द बुलोन यांनी १८६२ साली छापलेल्या ग्रंथातले हे फोटो. त्यांत एक दात पडलेला, कृश म्हातारा आहे. त्याच्या चेहऱ्याची त्वचा जवळजवळ बधिर, म्हणून ड्युशेन यांना त्याच्या एकेका स्नायूवर विजेची तार टेकवून हवा तो भाव उमटवता आला. ओठांचे कोपरे विजेने वर जातात, पण खरं हसू उमटत नाही. डोळ्यांभोवतीचा स्नायू मनातून आनंद झाल्याशिवाय हसण्यात साथ देत नाही, असं त्यांचं म्हणणं; तसं खरं हसू आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

डार्विन तुमच्यापुढे एक फोटो सरकवतो आणि विचारतो, या माणसाला काय वाटतंय? खाली नाव नाही, खूण नाही. पहिला फोटो बघून तुम्ही चटकन ‘हसतोय’ म्हणता. बहुतेक सगळे तेच म्हणतात. दुसऱ्याला तुम्ही ‘दुःख’ म्हणता, शेजारची बाई ‘वेदना’ म्हणते, तिसरा पाहुणा ‘विचारात पडलाय’ म्हणतो. डार्विन काही न बोलता उत्तरं टिपत जातो. वेगवेगळ्या वयांच्या वीसहून जास्त स्त्री-पुरुषांना तो हे असंच विचारणार आहे. काही फोटोंवर जवळजवळ सगळ्यांचं एकमत होईल, काहींवर उत्तरांचा मेळच बसणार नाही. ज्यांच्यावर मेळ बसत नाही त्यांच्यावर तो भिस्त ठेवणार नाही.

हा खटाटोप का? ड्युशेनचा ग्रंथ डार्विनने पहिल्यांदा चाळला तेव्हा मजकूर आणि फोटो एकदमच वाचले होते. फोटोखाली ‘भीती’ लिहिलेलं असलं की त्याला भीती दिसे, ‘शोक’ लिहिलेलं असलं की शोक. जवळपास सगळेच फोटो त्याला अचूक वाटले होते. नंतर त्याच्या ध्यानात आलं की आपल्या डोळ्यांआधी त्या ओळीने बघून घेतलं होतं. ओळ नसती तर आपणही इतरांसारखेच गोंधळलो असतो, हे त्याने पुढे पुस्तकात सरळ लिहिलं. फोटो आणि त्याखालची ओळ यांची इतकी साधी, प्रामाणिक परीक्षा घेणारा माणूस १८६८ साली विरळा होता.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला छापील कागद आहे. त्यावर प्रश्न. आश्चर्य वाटलं की तिथल्या लोकांचे डोळे नि तोंड उघडतं का, भुवया वर जातात का? लाज वाटली की चेहरा लाल होतो का? हो म्हणताना मान वरखाली हलते का, नाही म्हणताना आडवी? आठवणीवर विसंबू नका, डोळ्यांसमोर घडलेलं लिहा आणि ते कोणत्या परिस्थितीत घडलं तेही लिहा, अशी कळकळीची विनंती सोबत आहे. हे कागद १८६७पासून जगभर गेलेत. त्यातला एक मुंबई इलाख्यात पोचलाय. त्याच्यामागे चला.

अहमदनगर, त्याच सुमारास

ऊन तापलंय. रस्त्याची पांढरी धूळ बैलांच्या खुरांनी उडतेय. इथे राहणारे एच. अर्स्किन नावाचे गृहस्थ डार्विनच्या प्रश्नांची उत्तरं शोधतायत. त्यांनी कोणाला, कुठे न्याहाळलं याचे तपशील छापलेले नाहीत. म्हणून पुढचा प्रसंग कल्पनेने बघा.

तुम्ही साहेबांच्या मागे व्हरांड्यात उभे आहात. समोर एक शेतकरी येतो. फाटकातून आत शिरताना त्याच्या चालीत जोम होता. पट्टेवाला दिसला तसा तो ओसरला. पायताण बाहेर निघालं. पागोटं सरळ झालं. हात जोडले गेले, नजर जमिनीला लागली. साहेब काहीतरी सांगतात, दुभाषा ते मराठीत सांगतो. ‘जी सरकार.’ साहेब आणखी काही विचारतात. ‘जी सरकार.’ साहेब वाकून त्याच्या भुवया बघतात, ओठ बघतात. काही हलत नाही. कागदावरचा रकाना रिकामा राहतो.

आता तुम्ही व्हरांडा सोडून त्या माणसामागे बाहेर जा. ही मुभा तुम्हाला आहे, साहेबांना नव्हती. फाटकापलीकडच्या पिंपळाखाली त्याचा सोबती बैल धरून उभा आहे.

‘काय म्हनला रं सायब?’

‘म्हनतोय काय! नुस्ता तोंडाकडं बघत व्हता.’

आणि तो साहेबाचं वाकणं, डोळे बारीक करणं हुबेहूब करून दाखवतो. भुवया वर जातात, गालांना खळ्या पडतात, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्यांचं जाळं उठतं. ड्युशेनने विजेने उमटवू पाहिलेलं आणि न उमटलेलं खरं हसू ते हेच. प्रश्नपत्रिकेतल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं या पिंपळाखाली घटकाभरात मिळाली असती. मग सोबती सावकाराच्या व्याजाचा विषय काढतो आणि तोच चेहरा विझतो. भुवयांची आतली टोकं वर चढतात, ओठांचे कोपरे खाली येतात.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं तसा कापसाचा तेजीचा बाजार कोसळला. दख्खनच्या खेड्यांत कर्ज वाढत चाललंय. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतले शेतकरी सावकारांच्या घरांवर जातील, कर्जरोखे ओढून काढतील आणि जाळतील. सरकार त्याला दख्खनचे दंगे म्हणेल आणि चौकशीला आयोग नेमेल. तो राग एका रात्रीत जन्मलेला नसणार. पण व्हरांड्यात उभं राहून तो दिसण्यासारखा नव्हता.

आजूबाजूला कॅमेरेही आहेत. मुंबईत १८५४पासून फोटोग्राफिक सोसायटी आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढतात. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ साली मुंबईच्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यांत माणसांना एका ठिकाणी उभं करून फोटो घेतला आणि नंतर त्यांच्या आकृती दुसऱ्याच पार्श्वभूमीवर चढवल्या. १८६८पासून सरकारच्या ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड येऊ लागतील, तेही माणसांची जातवार वर्गवारी लावण्यासाठी. अशा पानांवर पोशाख दिसतो, दागिने दिसतात, हत्यार दिसतं. त्या माणसाचं रोजचं वागणं मात्र कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याआधीच मागे पडलेलं असतं.

लंडन, १८७१

व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या स्टुडिओत पाऊल टाकताच ईथरचा वास नाकात शिरतो. टक्कल पडलेला, दाढीवाला यजमान म्हणजे ऑस्कर रेजलँडर, मूळचा स्वीडनचा. डार्विनने लंडनच्या दुकानांतून फोटो धुंडाळून पाहिले. मनासारखा जिवंत भाव टिपणारा माणूस त्याला रेजलँडरमध्ये सापडला. रेजलँडर उजेड जोखायला मांजर वापरतो असं सांगतात. मांजर आणायचं, त्याच्या बाहुल्या बघायच्या. फटीएवढ्या असल्या तर भिंगाचं झाकण थोडाच वेळ उघडायचं, मोठ्या असल्या तर जास्त वेळ. बाहुल्या पूर्ण फाकल्या असतील तर काम बंद करून फिरायला निघायचं.

तुम्ही त्याला हातभार लावा. काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओता, काच हलकेच कलती करून तो सगळीकडे पसरू द्या. अंधाऱ्या खोलीत ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवा. ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवा, झाकण काढा, मनात सेकंद मोजा, झाकण लावा, आणि थर सुकायच्या आत परत अंधारात पळा. फोटोचा सगळा जीव त्या ओलाव्यात आहे. काच वाळली की संपलं.

आता अडचण तुमच्या लक्षात येईल. दचकणं क्षणात संपतं. किळस नाकपुडीवर उमटते आणि जाते. ती काचेवर यायला वेळ लागतो. रेजलँडरची युक्ती अशी की तो स्वतःच भिंगासमोर उभा राहतो. तो आश्चर्याने हात उंचावतो, किळस आल्यासारखं तोंड वळवतो, रागाने मुठी आवळतो, आणि ‘मी तरी काय करणार?’ म्हणत खांदे उडवतो. सेकंद संपेपर्यंत तो त्या भावात थांबलेला असतो. हा अभिनयच आहे; पण आपण काय करून दाखवतोय हे त्याला पक्कं माहीत आहे आणि डार्विनलाही.

लहान मुलांना मात्र काही शिकवावं लागत नाही. एक मूल भोकाड पसरून रडतंय. डोळे घट्ट मिटलेत, तोंड चौकोनी झालंय, कपाळावर आठ्या आहेत. भरपूर उजेड आणि चपळ हात यांच्या जोरावर रेजलँडर ते टिपतो. हा फोटो लंडनमध्ये इतका गाजेल की त्याच्या हजारो प्रती खपतील. पुढे संशोधकांना असंही दिसून येईल की छापलेलं चित्र हे मूळ फोटोवरून रेजलँडरने केलेल्या रेखाटनाचा फोटो आहे. क्षण पकडण्यासाठी हात आणि यंत्र दोघंही राबले होते.

प्राण्यांनी तर कॅमेऱ्याला दाद दिलीच नाही. गुरगुरणारा कुत्रा कोणासाठी स्थिर उभा राहील? म्हणून पुस्तकातली बहुतेक जनावरं चित्रकारांची आहेत: अंग चोरून लाडात येणारा कुत्रा ब्रिटन रिव्हिएरचा, पाठ कमानीसारखी करून फिसकारणारी मांजर टी. डब्ल्यू. वुडची, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातलं काळं माकड जोसेफ वुल्फचं. एक अपवाद आहे. टेबलावरच्या मांजराकडे बघणारा छोटा कुत्रा, एक पाय उचलून खिळलेला. ते चित्र रेजलँडरच्या फोटोवरून कोरलंय. तो फोटो जमला याचं कारण त्या चित्रातच आहे. मांजरावर नजर रोखलेला कुत्रा तसाही जागचा हलत नाही. कुत्र्याने आपल्या सवयीनेच कॅमेऱ्याला वेळ दिला.

पुढे सरकण्याआधी भिंतीला टेकवलेल्या आणखी काही फोटोंकडे बघा. ते वेकफील्डच्या वेड्यांच्या इस्पितळातून जेम्स क्रिकटन-ब्राउन यांनी पाठवलेत. तिथले रुग्ण भाव लपवू शकत नाहीत, म्हणून डार्विनला ते उपयोगी वाटतात. लहान मूल, जनावर, बधिर चेहऱ्याचा म्हातारा, इस्पितळातली बाई: विज्ञानाला ज्यांचे चेहरे उघडे मिळाले त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती ‘नको’ म्हणण्याची ताकद नव्हती. अहमदनगरच्या शेतकऱ्याकडे तेवढी एक ताकद होती. त्याने ती वापरली.

लंडन, २६ नोव्हेंबर १८७२

प्रकाशक जॉन मरे यांच्या घरचं नवं पुस्तक आज बाहेर पडतंय: ‘द एक्स्प्रेशन ऑफ द इमोशन्स इन मॅन अँड अॅनिमल्स’. सात पानं फोटोंची. शाईने फोटो छापण्याची ही रीत इतकी नवी आणि खर्चिक आहे की मरे यांना नफ्याची धास्ती वाटत होती. ती फोल ठरते. ५,२६७ प्रती लगेच उचलल्या जातात. जनावराचा नि माणसाचा चेहरा एकाच मुळापासून वाढलाय, हा विचार आता घरोघर पोचेल.

तुम्ही एक प्रत उघडा आणि प्रस्तावना वाचा. छत्तीस निरीक्षकांकडून उत्तरं आल्याचं डार्विन सांगतो आणि एकेकाचे आभार मानतो. त्या यादीत अहमदनगर भेटतं. अर्स्किन यांनी तिथल्या रहिवाशांचे चेहरे न्याहाळले, कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडून माहिती मिळवली, काही जाणत्या देशी गृहस्थांनाही विचारलं. पण खात्रीचा निष्कर्ष काढणं त्यांना फार अवघड गेलं, कारण युरोपीय माणसासमोर हे लोक आपल्या सगळ्या भावना लपवत असत.

हे वाक्य गाळता आलं असतं. यश न आलेली नोंद प्रस्तावनेत ठेवण्याची सक्ती डार्विनवर नव्हती. ती त्याने ठेवली, यात त्याचा मोठेपणा आहे. पण माझ्या दृष्टीने त्या नोंदीची किंमत त्याला वाटली त्याहून जास्त आहे. अर्स्किन यांना वाटलं, भाव दिसला नाही. खरं म्हणजे त्यांना रोजच्या वागण्याचा एक अतिशय स्पष्ट नमुना दिसला होता. सत्ता समोर उभी राहिली की माणूस चेहरा मिटून घेतो, आणि तो मिटलेला चेहरा हाच त्या घडीचा भाव असतो. तो वाचायचा तर भुवया नि ओठ पुरत नाहीत. चित्रात साहेबालाही उभं करावं लागतं.

जेनीजवळ सफरचंद धरणारा राखणदार, रोपघराच्या वाटेकडे वळणारा मालक, म्हाताऱ्याच्या गालावर तार टेकवणारा डॉक्टर: प्रत्येक चेहऱ्यासमोर असं कोणीतरी आहे. डार्विनने जेनीबद्दल लिहिताना राखणदार लिहिला, कुत्र्याबद्दल लिहिताना स्वतःलाही लिहिलं. म्हणून ते दोन्ही चेहरे दीडशे वर्षांहून जास्त काळ लोटल्यावरही आपल्याला कळतात. ड्युशेनच्या काही फोटोंवरून पुस्तकासाठी चित्रं कोरून घेताना मात्र वीज देणारे हात आणि तारा वगळल्या गेल्या. वाचकाला तिथे म्हाताऱ्याची भीती दिसते, पण ती कोणी उमटवली ते दिसत नाही.

जंगलात फोटो काढणारे लोक लपणात तासन् तास बसतात, ते पक्ष्याने आपल्याला विसरावं म्हणून. माणसांमध्ये असं लपण उभारणं बहुतेक वेळा चोरी ठरते. तिथे उपाय वेगळा आहे, आणि डार्विनच्या प्रश्नपत्रिकेतच तो लिहिलेला होता: जे घडलं ते घडलं त्या परिस्थितीसकट नोंदवा. आज फोन खिशात घेऊन बाजारात, शाळेत, शेताच्या बांधावर, दवाखान्याच्या बाकांवर आपण सगळेच माणसं टिपत असतो. तारीख आणि ठिकाण फोन स्वतःच लिहून ठेवतो. तिसरी ओळ आपण लिहायची: हा फोटो काढताना समोर कोण उभं होतं, आणि नको म्हणणं या माणसाला परवडलं असतं का. ती ओळ प्रामाणिकपणे लिहिता येत नसेल, तर फोटोखाली ‘आनंदी’, ‘गरीब’, ‘समाधानी’ असा एकही शब्द लिहिण्याचा हक्क आपल्याला पोचत नाही.